मावशीचा आवाज कुणी नेला?

१

डबा उघडला, तर आत फीत नव्हती. टॉवेल होता.

मालकांनी तो बाहेर काढला. घट्ट गुंडाळलेला, मधोमध नाडीने बांधलेला, एखाद्या तान्ह्या बाळासारखा. मग मालकच म्हणाले, "हे काय? आवाज धुऊन वाळत घातला की काय कुणी?"

हसलं कोणी नाही.

बोलपटाला तेव्हा बोलायला लागून तीन-चार वर्षंच झाली होती. चित्राची फीत वेगळी, आवाजाची वेगळी. कुडी एका डब्यात, प्राण दुसऱ्या डब्यात, आणि दोन्हींची गाठ मागाहून पडायची. चित्राचा डबा जागेवर होता. गेला होता तो प्राण. परवा घेतलेल्या शेवटच्या प्रसंगाचा, सातव्या टेकचा, मावशीच्या गाण्याचा.

मावशी म्हणजे स्टुडिओतली चरित्र अभिनेत्री. तीस वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन बोटीतून उतरलेली. मूकपटांत तिने मोलकरणी केल्या, घरमालकिणी केल्या, सासवा केल्या, दोनदा तर भुतीणही केली. चेहरा गावभर ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. कामं मावशीची, म्हणून मावशी. मग पडदा बोलायला लागला आणि तिच्या जिभेचं परकेपण उघडं पडलं. तिच्या तोंडी खुर्ची कधी 'तो' असे, कधी 'ती'. तेव्हापासून तिच्या वाट्याला दोन-दोन शब्द: "हो, बाईसाहेब." "दार लावू?"

या चित्रात मात्र मालकांनी तिला आई केलं होतं. दूरदेशी गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई. शेवटच्या प्रसंगात तिला चार वाक्यं होती. सातव्या टेकला ती चारही विसरली. जुन्या पाळण्यापाशी बसून तिने डोळे मिटले आणि आपल्या मायबोलीतली अंगाई म्हटली. शब्द एकालाही कळला नाही. आणि देवाशपथ सांगतो, डोळा कोरडा राहिला असा माणूस सापडला नसता. दिवेवाल्याने तर सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं.

"बारापर्यंत मिळाली तर ठीक," मालक म्हणाले. "बाराला सुतार सेट मोडायला येतात, आणि बाराला मी नायिकेला माईकसमोर उभी करतो. चित्र सोन्यासारखं आलंय, ते काही मी फेकणार नाही. ओठ मावशीचे, गळा दुसरीचा. परक्या भाषेचे ओठ कोण वाचतंय?"

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. ती दाराशी उभी होती. घोगऱ्या आवाजात ती इतकंच म्हणाली, "चालेल, मालक."

तीस वर्षांनी हिला तोंड फुटलं, ते दुसरीच्या आवाजाने झाकणार म्हणतात, आणि ही म्हणते चालेल! कोपऱ्यात बसलेल्या वहीताईच्या पेन्सिलीचं टोक तिथेच मोडलं.

२

वहीताई वही लिही. एकेक प्रसंग चार-चार दिवस तुकड्यांनी घेतात. काल डाव्या हातात असलेला पेला आज उजव्या हातात गेला, की प्रेक्षक हसतो. तो हसू नये म्हणून पेला, बटण, बट, मेणबत्ती, सगळं टेकगणिक टिपून ठेवायचं. तिच्या वहीत रडण्याचीही नोंद असे: 'अश्रू डाव्या डोळ्यातून, हनुवटीपर्यंत.'

"तुमच्या नजरेतून टाचणी सुटत नाही," मालक तिला म्हणाले. "शोधा. फाटकावर मी रोज प्रत्येकाची पिशवी तपासायला लावतो. फीत बाहेर गेलेली नाही."

फितीच्या खोलीची किल्ली ध्वनिमुद्रकाच्या टेबलाशेजारी खिळ्याला असे. ज्याला हवी त्याने घ्यावी, पुन्हा टांगावी. म्हणजे संशय घ्यायचा तर साऱ्या स्टुडिओचाच. वहीताईने तो टॉवेल पदराखाली घेतला. कपडेपटातल्या बायका घड्या घालतात, चौकोनी, इस्त्रीच्या. हा गुंडाळलेला होता, हवेलाही वाव न ठेवता. डबा उचलणाऱ्याला वजन लागावं, आत काही खडखडू नये, म्हणून कुणीतरी जपून ठेवलेला. चोरसुद्धा किती निगुतीचा!

पहिल्यांदा ती उच्चार शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेली. ते आरशासमोर 'ळ' घासत बसले होते.

"या, या! माझ्यावरच संशय ना? असणारच. महिनाभर घासली तिची जीभ. चार वाक्यं! माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळ मी त्या चार वाक्यांबरोबर काढला. आणि ऐनवेळी बाईंनी माझ्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवलं."

"म्हणून राग आला?"

"आला ना. गाणं सुरू झालं तसा आला." मास्तरांनी चष्मा काढला. "दुसऱ्या ओळीला गेला. पडद्यामागे उभा राहून मीच हुंदके दाबत होतो, नाहीतर माझा आवाज फितीत आला असता. वहीताई, उच्चार मी शिकवतो. ते जे काही होतं, ते शिकवता येत नाही."

नायिका कपाळावरची बट कुरळी करत होती. शेवटच्या प्रसंगात ती नव्हतीच, आणि सगळा स्टुडिओ दोन दिवस त्याच प्रसंगाचे गोडवे गात होता. वहीताईने सरळच विचारलं, "बाई, बाराला तुम्ही गाणार?"

"नाही म्हटलं तर मालक दुसरी आणतील." नायिकेने कंगवा आपटला. "लोक म्हणतील, हिनेच पळवली. म्हणोत! मला ती फीत सापडली ना, तर मीच डोक्यावर घेऊन नाचत येईन. त्या गाण्यात एक श्वास आहे, मधेच, तो माझ्या गळ्यात नाही." मग एकदम हसून म्हणाली, "आणि मावशी तरी कशी! जन्माचं काम झालं, तर माणूस बिदागी मागतो, मोठं नाव मागतो. हिने काल मालकांकडे काय मागितलं, ठाऊक आहे? सेटवरचं भिंतीवरचं घड्याळ! आठवण म्हणून. पुठ्ठ्याची तबकडी, आत यंत्र नाही की काही नाही. मालक म्हणाले, बंद घड्याळ घेऊन काय करणार? तर म्हणे, माझ्या खोलीत वेळ तसाही थांबलेलाच असतो."

वहीताई हसली नाही. तिने वहीत लिहिलं: 'घड्याळ. का?'

३

आता राहिले कानकाका.

कानकाका म्हणजे ध्वनिमुद्रक. काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, आवाजाच्या यंत्रापुढे बसत. त्यांच्या कानाची ख्याती मोठी. रस्त्यावरून हातगाडी गेली, वरच्या मजल्यावर कुणाचा जोडा वाजला, की काचेमागून हात वर व्हायचा: "थांबा! आवाज!" मालक पाहुण्यांना सांगत, "आमच्या काकांना मुंगीची पावलं ऐकू येतात."

ते यंत्रावर ओणवे होऊन स्क्रू पिळत होते. वहीताई मागे उभी राहून म्हणाली, "काका, वाईट झालं हो."

उत्तर नाही.

"काका, किल्ली काल कुणी नेली होती?"

स्क्रू फिरत राहिला. म्हातारा मनाला लावून बसला, असं वहीताईला वाटलं. तिने खांद्यावर हात ठेवला, तसे ते दचकून वळले.

"तू कधी आलीस?"

"किल्ली कुणी नेली होती, ते विचारत होते."

त्यांनी तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. "किल्लीला पाय असतात, ताई. मी नाही लक्ष ठेवत."

"आणि परवाचं गाणं? कसं झालं होतं?"

"उत्तम! एक नंबर. सुई एकदाही लाल रेषेपलीकडे गेली नाही."

वहीताई दारापर्यंत गेली आणि थबकली. सबंध सकाळ तिने ज्याला विचारलं, तो श्वासाबद्दल बोलला, हुंदक्याबद्दल बोलला, आसवांबद्दल बोलला. आणि ज्याच्या कानात ते गाणं सगळ्यांत जवळून उतरलं, तो मात्र सुईबद्दल बोलला.



४

साडेदहा वाजले होते. रिकाम्या सेटवर ती पाळण्यापाशी जमिनीवर बसली आणि वही उघडली. परवाचे सातही टेक ओळीने होते.

'टेक दोन. मावशीने उजव्या हाताने शाल सावरली (पहिल्यात नाही). आवाज आला म्हणून काकांनी थांबवला.'

'टेक तीन. शाल सावरली नाही. वाक्य चुकलं.'

'टेक पाच. पुन्हा शाल. मावशीला सांगणे. काकांनी थांबवला.'

ती मागे गेली. पंधरा दिवस मागे, मागच्या चित्राची वही, त्याच्या मागची. जिथे जिथे काकांनी हातगाडी ऐकली होती, जोडा ऐकला होता, तिथे तिथे आधी मावशीने शाल सावरली होती. मावशीचं काम नसेल त्या दिवशीही ती काचेसमोर, कॅमेऱ्याच्या बाजूला, स्टुलावर बसलेली. वहीताईने कितीदा तरी लिहिलं होतं, 'मावशी विनाकारण सेटवर.'

देव माणसाला दोन कान देतो. कुणाचे दोन काढून घेतो, तेव्हा तो ते कुठेतरी दुसरीकडे ठेवत असला पाहिजे.

मग तिने सातवा टेक वाचला. 'शाल नाही. डोळे मिटलेले, शेवटपर्यंत. मेणबत्तीची ज्योत डावीकडे वाकलेली. जुळणार नाही.'

ज्योत वाकलेली! टेक सुरू असताना पंखा बंद असतो. खिडक्या कुलूपबंद, दारावर कांबळं. वारा येणार कुठून? सहा टेक झाल्यावर सगळे घामाघूम झाले होते, पंखा लावला होता, आणि सातव्याला तो बंद करायचा राहिला. एवढंच.

ती उठली आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा आवाज न करता फिरू लागला. पण त्याची सुटलेली दोरी हेलकावत भिंतीच्या फळीवर आपटू लागली, अगदी हळू. चार पावलांवर ऐकू येईना. त्या फळीखालीच फुलांची कुंडी होती, आणि कुंडीत माईक लपवलेला असे. वहीताईने कुंडीत डोकं घातलं.

टक. टक. टक.

जसं कुणी कपाळावर बोट मारावं! असला आवाज फितीत आला असता, तर हेडफोन लावलेला कुठलाही माणूस ताडकन उठून ओरडला असता. कानकाकांनी अंगठा वर केला होता: उत्तम.

आज सकाळी मालक ती फीत ऐकणार होते.

डोकं वर काढताना तिचं लक्ष कुंडीच्या वरच गेलं. तिथे ते घड्याळ होतं, काटे चार वाजून दहा मिनिटांवर. वहीत लिहिलेलं होतं: 'घड्याळ सरळ.' आज ते डावीकडे कललेलं होतं, पोटात काही जड असावं तसं.

तिने मागची फळी सरकवली. आत हात घातला.

५

मावशी रंगपटात एकटी होती. ट्रंकेत सामान भरत होती. मोजे, पोलकं, रुमाल, एकेक वस्तू गुंडाळून, दाबून, उभी लावत. बोटीत ज्याला एकच ट्रंक मिळाली, त्याचे हात आयुष्यभर घडी घालत नाहीत.

वहीताईने टॉवेल तिच्यापुढे ठेवला. "हा राहिला बघ, मावशी."

मावशीचे हात थांबले.

"तू गात होतीस तेव्हा डोळे मिटलेले होते," वहीताई हळू म्हणाली. "डोळे उघडलेस, तर पंखा फिरतोय, दोरी माईकच्या डोक्यावर टकटक करतेय, आणि काचेमागे काका अंगठा वर करून हसतायत. तुला सगळं कळलं. मालकांनी ती फीत ऐकली असती, तर पहिला प्रश्न विचारला असता, काकांना हे ऐकू कसं नाही आलं?"

मावशी खाली बसली.

"किती वर्षं, मावशी?"

"दोन. थोडा जास्त." ती शालीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "आम्ही बोललो नाही कधी. एक दिवस मी शाल सावरली, त्याने बघितलं. बस. मग रोज."

"अगं, पण तुझं गाणं! तुझ्या जन्माचं काम!"

"माझा जन्म त्याने दिला इथे." मावशीच्या आवाजात धार आली. "बोलपट आला, तेव्हा माझी परीक्षा घेतली. मालक म्हणाले, जीभ वाकडी, काढा हिला. त्याने कानावरचं यंत्र काढून मालकांच्या कानाला लावलं. म्हणाला, उच्चार मास्तर देईल, आवाज देव देतो, हा दिलेला आहे. तेव्हा त्याला ऐकू येत होतं. मला ऐकणारा इथे तो पहिला. मी कशी ऐकवू सगळ्यांना, की आता तो..."

वहीताई तिच्याजवळ सरकली.

"मग जाळून का नाही टाकलीस?"

"हात झाला नाही." मावशी ओशाळून हसली. "ते माझ्या आईचं गाणं. बंदरावर उभी राहून म्हणत होती. बोटीचा भोंगा झाला, शेवटचं कडवं ऐकू आलं नाही. म्हणून तिथे मी नुसती गुणगुणते. शब्दच नाहीत माझ्याकडे. म्हटलं, घड्याळ घरी नेते. आत ठेवते. ऐकायला यंत्र नाही, पण आहे हे तरी माहीत असेल." तिने वहीताईचे हात धरले. "ताई, सांगू नकोस. नायिका गाईल. गोड गाते ती."

बाहेर सुतारांच्या पेट्या उतरवल्याचा आवाज आला. बाराला दहा मिनिटं होती.

वहीताईने डोळे मिटले. सांगावं तर काकांची खुर्ची जाते. न सांगावं तर मावशीचा गळा जातो. इकडे आड, तिकडे विहीर. तिने मनात देवाला हाक मारली, आणि देवाने, त्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे, तिला तिच्याच वहीतली एक ओळ दाखवली: 'घड्याळ संपूर्ण प्रसंगभर चौकटीत दिसते.'

ती ताडकन उठली. "मावशी, मालक फीत नेहमी नुसती ऐकतात, आधी. आज नुसती ऐकायची नाही."

६

"मिळाली?" मालक उडालेच. "कुठे होती? कुणी नेली?"

"सगळं सांगते. पण आधी एक ऐका. चित्र आणि आवाज एकदम लावा. नुसता आवाज नको."

मालक कुरकुरले, पण बसले. मास्तर आले, नायिका आली, कानकाका मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मावशी दाराशीच, जणू पळायला सोपं.

दिवे गेले. पडद्यावर ती खोली आली. मेणबत्ती, पाळणा, वर भिंतीवर घड्याळ, आणि खाली बसलेली म्हातारी.

टक. टक. टक.

मावशीने ओठ आवळले. पण खोलीत कुणी हललं नाही. कारण त्या खोलीत घड्याळ होतं, आणि घड्याळ चालत होतं, एवढंच. मुलाची वाट बघणाऱ्या आईच्या डोक्यावर एकेक क्षण पडत होता. मग गाणं सुरू झालं. परकी भाषा, परकी माती, आणि प्रत्येकाला आपापली आई दिसली. शेवटच्या कडव्याशी शब्द संपले, गुणगुण राहिली. तीही विरली. उरली ती नुसती टकटक.

दिवे लागले. मालकांनी पाठमोऱ्यानेच डोळे पुसले.

"ते घड्याळ," मग ते नाक ओढत म्हणाले, "मी लिहिलेलं नव्हतं. पुठ्ठ्याचं होतं ते. ही टकटक कुणाला सुचली? काका, तुम्हाला? अहो, या टकटकीने चित्र कुठल्या कुठे नेलं!"

सगळे कानकाकांकडे वळले. वाहवा पदरात पडत होती, फक्त मान हलवायची होती. कानकाकांनी मालकांच्या ओठांकडे बघितलं, मग वहीताईकडे, मग मावशीकडे. मावशी दोन्ही हातांनी शाल सावरत होती, घाईघाईने, पुन्हा पुन्हा.

म्हातारा हसला.

"पुरे, मावशी," तो म्हणाला. "मालक, ती टकटक मला सुचली नाही. मला ती ऐकूच आली नाही. दोन वर्षं मला फारसं काहीच ऐकू येत नाही. मी सुई बघतो, आणि हिची शाल बघतो. परवा हिने डोळे मिटले, तिथे मी फसलो."

"आणि फीत मी नेली," मावशी पुढे होऊन म्हणाली. "चोर मी."

मालकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दोन वर्षं माझे बोलपट बहिऱ्याने बोलते केले? आणि मी गावभर मुंगीच्या पावलांच्या गोष्टी सांगत फिरतोय!"

"पण काकांनी ठीक म्हटलेला एक तरी टेक वाया गेला का हो, मालक?" वहीताईने विचारलं. "परवाचा धरून?"

मालक उठले. खिडकीशी गेले. सुतारांना ओरडून सांगितलं, "थांबा जरा! ते घड्याळ जपून काढा, मावशीच्या घरी जायचंय." मग वळले. "काका, हेडफोन उद्यापासून वहीताईच्या कानावर. यंत्र तुमच्या हातात. तिला सगळं शिकवा. आणि खुर्च्या दोन ठेवा, मला उभं राहिलेलं कुणी आवडत नाही." दारात ते अडखळले. "मावशी, पुढच्या चित्रात तू बोलणार आहेस. कशीही बोल."

मास्तर म्हणाले, "कशीही? मग मी कशाला आहे?" आणि नायिकेने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

कानकाकांनी हेडफोन आणून वहीताईच्या डोक्यावर बसवले, पट्टी सारखी केली. काही क्षण त्यांची बोटं त्या पट्टीवरच राहिली. मग ते पडद्याजवळ गेले, आवाजाच्या मोठ्या लाकडी खोक्यापाशी.

"एकदा परत लाव, ताई."

वहीताईने फीत मागे घेतली. गाणं पुन्हा सुरू झालं. म्हाताऱ्याने दोन्ही तळवे त्या लाकडावर टेकले आणि डोळे मिटले. मावशी त्याच्यासमोर येऊन बसली. तो डोळे उघडेपर्यंत ती थांबली, मग सावकाश, ओठ नीट दिसतील असे हलवत तिने विचारलं, "काय कळलं?"

"टकटक कळली," कानकाका म्हणाले. "तुझा आवाज मला पाठच आहे."